एक काना कमी

१

चित्र होतं, आवाज नव्हता.

पडद्यावर एका बाईच्या डोक्यातल्या धमन्या दिसत होत्या आणि एका अवघड वळणावर वाटाण्याएवढा फुगा. धमनीची भिंत कमजोर झाली की असा फुगा येतो, आणि एखाद्या दिवशी फुटतो. म्हणून त्याच्या तोंडावरून बारीक जाळीची नळी बसवायची. त्या जाळीला स्टेंट म्हणतात. ती नीट बसली की रक्त सरळ पुढे जातं आणि फुगा उपाशी मरतो. पडद्यावरची जाळी वळणापर्यंत आली, निम्म्याहून जास्त उघडली, थबकली. मग एकाएकी सगळीच सुटली. तिचं पुढचं टोक मागे घसरून फुग्यात घुसलं आणि पडद्यावर काळा डाग पसरत गेला.

शाळेत गाणं शिकवणारी ती बाई पुन्हा शुद्धीवर आली नाही. ती गेली त्याच दिवशी कुणीतरी संगणकावरून त्या शस्त्रक्रियेचा आवाज पुसून टाकला.

"चित्र यंत्रातच कुलूपबंद असतं, त्याला कुणी हात लावू शकत नाही," अधीक्षक म्हणाले. "आवाज मोठ्या डॉक्टरांच्या हौसेपायी वेगळा घेत होतो, विद्यार्थ्यांना शिकवायला. तो राहिला काय, गेला काय."

"पुसणाऱ्याला तसं वाटलेलं दिसत नाही," भूलबाई म्हणाली.

ती तिथली सगळ्यात जुनी भूलतज्ज्ञ. अर्धं आयुष्य माणसांना झोपवून परत उठवण्यात गेल्यामुळे झोपलेल्या माणसांवर तिचा विश्वास होता, जागत्यांवर बेताचाच. भूल देणाऱ्या बाईलाच भूल शोधायला बसवलंय, हा विनोद कॅन्टीनमध्ये सकाळपासून चालू होता, आणि तो तिच्या कानावर जावा इतक्या मोठ्यानं चालू होता. त्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ती रजेवर होती. भूल द्यायला बाहेरून जो तात्पुरता डॉक्टर आला होता त्याला इथली भाषा जेमतेम कळत होती, त्यामुळे तो साक्षीदार असून नसल्यासारखा.

"मदतनीसाचा, होसरचा हात घसरला," अधीक्षक कागद पुढे सरकवत म्हणाले. "हे उघड आहे. तुम्ही तसं लिहा, त्याला घरी पाठवू, आणि उद्या सकाळी तुमच्या बहिणीची शस्त्रक्रिया ठरल्या वेळी होऊ दे. मदतीला बाहेरचा कुणी बोलावतो मी."

भूलबाईनं कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं नाही. तिच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यात तसाच फुगा होता, तशाच वळणावर, आणि तो एकदा झिरपलाही होता. पुढच्या वेळी तो झिरपणार नव्हता, फुटणार होता. त्या टेबलावर नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय बहिणीला त्याच टेबलावर झोपवायचं कसं?

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"आणि संध्याकाळपर्यंत काहीच सापडलं नाही तर?"

तिनं कागद तसाच परत सरकवला.

२

मदतनीस डॉक्टरला सगळे होसर म्हणायचे. कारण मोठे डॉक्टर काहीही म्हणाले तरी तोंडातून निघायचं ते 'हो सर'. सांगितलेलं काम शब्द संपायच्या आत करणारा माणूस. कपडे बदलायच्या खोलीत तो बाकावर बसला होता आणि आपल्या हातांकडे असा बघत होता, जणू ते कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिलेत.

"काय झालं ते सांग."

"मॅडम, तार सरांच्या हातात होती, जाळी जिच्यातून आत जाते ती नळी माझ्या. नळी मी मागे ओढली की जाळी सुटते. नेहमीच्या पद्धतीत ती सलग मागे ओढतात, पण वळणावर तशी ओढली तर जाळी चपटी होते. म्हणून सरांनी ही नवी रीत बसवली. थोडं ढकलायचं, थोडं सैल द्यायचं, जाळी आपल्या अंगानं भिंतीला चिकटू द्यायची. शेवटचा भाग मी धरून ठेवायचा. पंपानं रक्तात रंगाचा डाय सोडून चित्र घ्यायचं, पुढचं टोक जागेवर आहे ना ते बघायचं, आणि मगच सोडायचं. एकदा सुटली की ती परत आत घेता येत नाही."

"मग तू चित्राआधी कशी सोडलीस?"

"सर म्हणाले म्हणून. 'सोड' म्हणाले. मी सोडली."

"तुलाच म्हणाले कशावरून?"

होसरला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "दुसऱ्या कुणाला म्हणतील? सर सगळ्यांना अहो-जाहो करतात. फरशी पुसणाऱ्यालासुद्धा. त्या खोलीत 'तू' फक्त मी." हे सांगताना एवढ्या दुःखातही त्याच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान चमकून गेला. भूलबाईला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. इतक्या तत्पर आज्ञाधारकपणापेक्षा थोडा आळशी मदतनीस बरा, असं तिच्या मनात आलं.

"सर म्हणतात, त्यांनी तुला काहीच सांगितलं नाही."

"ठाऊक आहे," होसर म्हणाला. "म्हणून तर वाटतं, मलाच भास झाला असेल. मॅडम, भास होणाऱ्या माणसानं या कामात राहू नये ना?"

३

जाळीवाला म्हणजे स्टेंटच्या कंपनीचा माणूस. शस्त्रक्रिया चालू असताना तो काचेमागच्या खोलीत उभा राहायचा आणि आतलं बोलणं भोंग्यावर ऐकायचा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, पाय कायम दाराच्या दिशेनं.

"जाळीत दोष नव्हता," विचारण्याआधीच तो म्हणाला.

"खाई त्याला खवखवे, असं मी अजून म्हटलेलं नाही. काय ऐकलं तेवढं सांगा."

"एकच शब्द. 'सोड.' आणि जाळी सुटली."

"'सोडा' नाही?"

"'सोड'. मी विक्रीच्या धंद्यात आहे मॅडम. कोण कुणाला अहो म्हणतं आणि कोण कुणाला अरे, यावर आमचं पोट चालतं." तो जवळ सरकला. "आवाज पुसला गेला याचं सगळ्यात जास्त दुःख मला आहे. तो असता तर माझी जाळी निर्दोष ठरली असती. मोठ्या माणसाबद्दल बोलू नये, पण सर खोटं बोलताहेत. आणि उद्या तुमच्या घरचं माणूस त्यांच्याच हाताखाली जाणार आहे."

काचेपलीकडे रिकामं टेबल दिसत होतं. त्यावर नवी कोरी चादर घालून ठेवली होती.

४

मोठे डॉक्टर खोटं बोलणाऱ्यातले वाटत नव्हते, हीच अडचण होती. ते खिडकीशी उभे होते आणि पारदर्शक रबरी नळी बोटांत वाकवून तिच्यातून जाळी पुढेमागे करत होते. बाई गेल्यापासून त्यांनी हाच खेळ मांडला होता म्हणे. त्या वळणावर जाळी बसवणारा त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता, हे त्यांचे शत्रूही कबूल करत.

"मी होसरला काहीही म्हटलं नाही," ते म्हणाले. "जाळीचं टोक थरथरलं. मला धस्स झालं. मी डाय मागितला, आणि बघतो तर जाळी गेलेली."

"डाय कसा मागितलात?"

"नेहमी मागतो तसा. 'डाय सोडा.' पंपवाल्यांना विचारा."

पंपवाल्यांना विचारलं. रंगद्रव्याचा पंप चालवणारा हा मध्यमवयीन माणूस टेबलाच्या पायथ्याशी बसायचा. कमी बोलणारा, कामाला चोख. शब्द मिळाल्याशिवाय त्यानं कधी बटण दाबलं नव्हतं आणि शब्द मिळाल्यावर कधी उशीर केला नव्हता.

"साहेब 'सोडा' म्हणाले. मी डाय सोडला," तो म्हणाला. "होसरचा हात घसरला असणार. पोर वाईट नाही, पण घसरला. साहेबांचा त्यात काही दोष नाही मॅडम. दोन दिवस जेवला नाही तो... जेवले नाहीत साहेब. नुसता चहा."

"आवाज कुणी पुसला?"

"मला काय माहीत?" त्यानं रुमालानं मान पुसली. खोली चांगली थंडगार होती.

दोघं म्हणतात 'सोड', दोघं म्हणतात 'सोडा'. फरक फक्त एका कान्याचा, आणि त्या कान्याच्या अल्याड-पल्याड कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी अब्रू आणि उद्या सकाळी तिच्या बहिणीचा जीव. भूलबाईला वाटलं, सही करून मोकळं व्हावं. तेवढ्यात वॉर्डातून निरोप आला. बहिणीचं डोकं पुन्हा दुखायला लागलं होतं.

५

धाकटी पलंगावर डोळे मिटून पडली होती. उशाशी तिची कॉलेजातली मुलगी, पायाशी परिचारिका. औषधानं दुखणं थोडं उतरलं होतं, पण ओठांचा रंग गेला होता.

"उद्या तू असशील ना गं उशाशी?" धाकटीनं विचारलं.

"मीच झोपवणार आणि मीच उठवणार. त्यात विचारायचं काय?"

"मग बरं. दुसऱ्या कुणी झोपवलं तर मी उठायचीच नाही, सांगून ठेवते." ती डोळे न उघडताच हसली. "पाणी दे गं."

भूलबाईचा हात तांब्याकडे गेला. त्याच क्षणी भाचीचाही गेला. दोन्ही हात एकमेकांवर आपटले आणि पाणी चादरीवर सांडलं. परिचारिका तांब्याच्या सगळ्यात जवळ होती, पण ती जागची हलली नाही. कारण धाकटी तिला 'अहो' म्हणायची.

भाची ओली चादर झटकत होती. भूलबाई मात्र तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं तो खाली ठेवला आणि काही न बोलता निघाली. धाकटी मागून म्हणाली, "अगं, पाणी तरी देऊन जा." तिला ऐकूच आलं नाही.

६

संध्याकाळी काचेमागच्या खोलीत पाच माणसं होती. अधीक्षक, मोठे डॉक्टर, होसर, पंपवाला आणि दाराशी जाळीवाला. भूलबाईनं चित्रफीत लावली आणि जाळी सुटते तिथे थांबवली.

"हा काळा डाग कसला?"

"रक्तस्राव," अधीक्षक म्हणाले.

"रक्त क्ष-किरणांत दिसत नाही. दिसतो तो डाय. म्हणजे जाळी सुटली तेव्हाच पंपही चालला. आधी नाही, नंतर नाही. दोन माणसांचे हात एकाच वेळी हलले." तिनं फीत मागे घेऊन पुन्हा चालवली. जाळी सुटली, काळं पसरलं. होसरनं मान फिरवली. "दोन हात एकदम हलतात ते एका शब्दावर. 'सोडा' म्हटलं असतं तर होसर हलला नसता, त्याला कुणी सोडा म्हणत नाही. म्हणजे शब्द 'सोड' हाच होता. होसर आणि जाळीवाले खरं बोलताहेत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" मोठ्या डॉक्टरांचा चेहरा लाल झाला.

"नाही. तुम्ही डायच मागितलात. तुम्हाला धस्स झालं, आणि घाबरलेला माणूस कामावरची भाषा विसरतो, तोंडात घरची येते. तो शब्द तुम्ही होसरला नव्हताच दिला." ती पंपवाल्याकडे वळली. "माझा प्रश्न तुम्हाला आहे. साहेब तुम्हाला इतकी वर्षं 'सोडा' म्हणतात. त्या दिवशी 'सोड' म्हणाले, तर तुम्हाला वाटायला हवं होतं की होसरला म्हणाले. तुमचा हात थांबायला हवा होता. तो क्षणभरही थांबला नाही. त्या तोंडून 'तू' ऐकायची सवय असल्याशिवाय असं होत नाही. आणि दुपारी तुम्ही मला सांगत होतात, 'जेवला नाही तो'. साहेबांच्या ताटात काय पडतं हे तुम्हाला कसं माहीत?"

पंपवाल्याआधी बोलले ते मोठे डॉक्टर, आणि तेही तिच्याशी नाही.

"अरे, तू पुसलास आवाज?"

तो 'तू' खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. अधीक्षक खुर्चीतून अर्धवट उठले. होसरचं तोंड उघडंच राहिलं.

"दादा, तू घरी म्हणतोस तसंच म्हणालास," पंपवाला खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, ते कुणी ऐकलं तर नातं उघडं पडेल. एका खोलीत दोन सख्खे भाऊ चालत नाहीत, नियम आहे. तुझं नाव जाईल. म्हणून पुसला."

"लहानपणी तो मावशीला दत्तक गेला," मोठे डॉक्टर भिंतीला टेकत म्हणाले. "आडनाव वेगळं. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा मी त्याला इथे लावून दिलं. इथे साहेब, घरी दादा. कधी चूक झाली नव्हती."

"पण दादा, होसरचा हात तर आपोआप घसरला ना? त्या शब्दाचा आणि बाईंचा काय संबंध?" पंपवाल्यानं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कुणीच त्याच्या नजरेला नजर दिली नाही, तेव्हा त्याला कळलं. नातं लपवण्यापुरतं, एका कान्यापुरतं तो खोटं बोलला होता, आणि त्या कान्याखाली एक बाई गाडली गेली होती. त्याला आत्तापर्यंत हे खरंच ठाऊक नव्हतं.

होसर रडत होता. मोठे डॉक्टर त्याच्याकडे गेले नाहीत. ते भूलबाईजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे अधीक्षकांच्या कागदावर चढलं की चौकशी संपेपर्यंत मला आत पाऊल टाकता येणार नाही. उद्या तुमच्या बहिणीचं कोण करणार? परवा लिहा. एकच दिवस. मी कुठे पळून जात नाही."

अधीक्षक खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना ऐकूच आलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं पडलं असतं.

भूलबाईला त्या माणसाचा राग आला नाही, हेच तिला जास्त लागलं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के सोयीचं होतं. कागद टेबलावर पडला होता. आज पालथा ठेवला असता तर उद्या उताणा करता आला असता, आणि मधल्या वेळात तिची धाकटी वाचली असती, त्या परिसरातल्या सगळ्यात चांगल्या हाताखाली. फक्त होसर आजची रात्र खुनी म्हणून काढणार होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून हा मुलगा स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवायला तयार होता, कारण दुसऱ्या बाजूला मोठा माणूस होता. आज आपण एक दिवस थांबलो, तर परवा दुसरं कारण सापडेल, इतकं ती स्वतःला ओळखून होती.

तिनं पेन उघडलं आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली.

७

"म्हणजे उद्या मोठे डॉक्टर नाहीत," धाकटी म्हणाली.

"नाहीत. मी थांबवलं त्यांना."

"मग?"

"दुसरीकडे हलवण्याइतका वेळ तुझ्याकडे नाही. मदतनीस बाहेरून मिळेल, पण ती रीत ज्याला येते असा एकच माणूस उरलाय. होसर."

"ज्याच्या हातून त्या बाई गेल्या, तो?"

"हात त्याचा होता. चूक त्याची नव्हती. आणि मी आत नसणार. नात्यातलं माणूस आत असू नये, हे मीच आज लिहून दिलंय. ते दोघं भाऊ बाहेर आणि आपण दोघी बहिणी आत, असं मला करता येणार नाही. मी तुला शब्द दिला होता. तो मोडते."

भाची उठून बाहेर गेली, बहुतेक रडायला. धाकटी बराच वेळ छताकडे बघत राहिली. लहानपणापासून तिला राग आला की ती अशी छताकडे बघायची, आणि त्या रागाला भूलबाई जगात सगळ्यात जास्त भ्यायची.

"त्याला म्हणावं, आज पोटभर जेव आणि झोप," शेवटी धाकटी म्हणाली. "रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्या डोक्यात शिरू नकोस. आण तो संमतीचा कागद."

सकाळी दारावरचा लाल दिवा लागला तेव्हा भूलबाई बाहेरच्या बाकावर होती. असंख्य नातेवाइकांना तिनं या बाकावर बसवलं होतं, 'काळजी करू नका' म्हणून पाठ थोपटली होती. ते वाक्य किती निरुपयोगी असतं हे तिला आज कळलं. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले. त्यांना आत जायची बंदी होती, बाकावर बसायची नव्हती. ते मध्ये एक जागा सोडून बसले. दाढी वाढली होती.

"आता वळणाशी आले असतील," ते दाराकडे बघत म्हणाले. "त्याला शब्द कुठला ठरवून दिलात?"

"कुठलाच नाही. ज्याचं काम त्याच्या पदाचं नाव घेऊन पूर्ण वाक्य बोलायचं, ऐकणाऱ्यानं ते तसंच परत म्हणायचं, आणि मग हात हलवायचा."

"वेळ जाईल."

"जाऊ दे."

त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. थोडं पुढे, थोडं सैल. एका क्षणी ती थांबली आणि थांबलेलीच राहिली. आत कशाचा तरी इशारा वाजला, वाजत राहिला, बंद झाला. एक परिचारिका घाईनं बाहेर आली, काही न बोलता कपाटातून काहीतरी घेऊन आत गेली. दार पुन्हा बंद झालं. लाल दिवा तसाच होता. भूलबाईला वाटलं, कालचा कागद फाडता आला असता तर आत्ता तो दातांनी फाडला असता.

किती वेळ गेला ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. दार उघडलं आणि होसर बाहेर आला. मोठ्या डॉक्टरांकडे त्यानं पाहिलंही नाही. तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मॅडम, जाळी जिथे बसायला हवी होती तिथे बसली आहे. तुमच्या बहिणीला भूलतज्ज्ञांनी चार वेळा हाक मारली, पण त्या डोळे उघडत नाहीत. नाडी चांगली आहे, श्वास चांगला आहे. पण त्या डोळे घट्ट मिटून घेतात आणि म्हणतात, दुसऱ्या कुणी उठवलं तर मी उठायची नाही."

भूलबाई बाकावरून अर्धवट उठली. मोठ्या डॉक्टरांनी तिला दंडाला धरून उभं केलं, आणि ती आत गेली.